कायमस्वरूपी आगमनाचा फ्लेक्स

उमाताई वर्षभरासाठी आयर्लंडला चालल्या आहेत, ही बातमी अंबरनाथजवळच्या पालेगावातल्या त्यांच्या नव्या सोसायटीत पसरली तेव्हा सगळ्यात आधी प्रश्न आला तो हा : "ऋताला कितवा चाललाय?"

यात सोसायटीची काही चूक नव्हती. साठीला टेकलेली बाई अंबरनाथहून परदेशी जाते ती लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि टाळूवर घालायचं तेल. बाळ जरा मान धरू लागलं की परत. याखेरीज परदेशाचा आणखी काही उपयोग असतो, हे कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आता उमाताईंची एकुलती एक लेक ऋता राहायची पुण्यात, आणि तिच्या घरात बाळ नव्हतं, दोन मांजरं होती. तरीही समोरच्या फ्लॅटमधली सुरुची डिंकाची पुडी घेऊन दारात हजर झालीच.

"अगं, मी कामाला चाललेय," उमाताई म्हणाल्या. "तिकडे एक वसाहत आहे. बुद्धीनं लहानच राहिलेली मोठी माणसं असतात ना, ती आणि आमच्यासारखे स्वयंसेवक एकाच घरात राहतात. स्वयंपाक करायचा, त्यांना आंघोळीला मदत करायची, बागेतलं बघायचं."

"अय्या, भारीच की! पगार किती?"

"पगार नाही. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च."

सुरुचीनं दाराची चौकट धरली. "म्हणजे काकू, रांधायचं, वाढायचं, उष्टी काढायची, सगळं फुकट. आणि त्यासाठी विमानानं जायचं?"

"हो."

"मग इथं काय वेगळं होतं?"

"इथं व्हिसा लागत नव्हता," असं म्हणून उमाताईंनी डिंक ठेवून घेतला. डिंक काही वाया जात नाही.

हे सगळं चिंतामणराव आतल्या सोफ्यावरून पेपरआड ऐकत होते. चिंतामणराव म्हणजे उमाताईंचे यजमान. आनंदनगरच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. कामगारांच्या रजा मंजूर करणं हे त्यांचं काम, आणि त्या नामंजूर करणं ही त्यांची खासियत. निवृत्तीनंतर या माणसाला सेवेची ओढ लागली. सोसायटीच्या दत्तमंदिरात ते 'सेवेकरी' असा बिल्ला लावून वावरत. त्यांची सेवा म्हणजे बिनवायरचा माईक हातात धरून "चपला रांगेत काढा, प्रसाद सर्वांना मिळणार आहे, ढकलाढकली करू नका," असं सांगणं. प्रसाद रांधणं, वाढणं, पातेली घासणं ही दुसऱ्या दर्जाची सेवा होती. तिला बिल्ला नव्हता. ती उमाताई करत.

पण एका बाबतीत त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. माणूस कीर्तनाचा वेडा. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कुठंही बुवा उभे राहिले की चिंतामणराव पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. बुवांनी आख्यान ऐन भरात आणून "मग पुढं काय झालं?" असं विचारलं, की उत्तर यांचंच पहिलं यायचं. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसाला भर मांडवात देवाच्या नावानं डोळे भरून येतात, तो मुळात वाईट असू शकत नाही. फक्त मांडवातून घरी येईपर्यंत ते डोळे वाळतात, एवढीच काय ती अडचण.

उमाताईंनी उल्हासनगरच्या विशेष मुलांच्या शाळेत नोकरी केली होती, तिथूनच ही आयर्लंडची माहिती त्यांना मिळाली होती. मुलाखत फोनवर झाली, स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि चिंतामणरावांना वाटत होतं, एवढं छान इंग्रजी ही दादरच्या बहिणीशी कशाला बोलतेय! निवड झाल्याचं कळलं तेव्हा ते गडबडले. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि 'मला चहा करता येत नाही' हे कारण पर्सोनेल ऑफिसरच्या तोंडी शोभलं नसतं. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. ती कुणी मागितली नव्हती हा भाग वेगळा. सोसायटीत त्यांनी सांगून टाकलं, "मिसेस एका इंटरनॅशनल प्रोजेक्टवर आहेत."

त्या वर्षात उमाताईंनी दोन घरं चालवली, एक तिकडचं आणि एक फोनवरून इकडचं.

"अगं उमा, तूरडाळ कुठल्या डब्यात?"

"ओट्याखाली, डावीकडचा निळा. आणि अहो, मी आत्ता एकाचे केस धुतेय, फेस डोळ्यात जाईल त्याच्या. नंतर करा."

"बरं. आणि साखर?"

साखर सापडली. मग चहा सापडला. मग डबेवाल्या बाईंनी रजा घेतली त्या दिवशी, नाइलाजानं, उपमाही सापडला. रविवारी व्हिडिओवर उमाताई त्यांना आपलं घर दाखवत. लांबलचक टेबल, खिडकीबाहेर धुक्यातली हिरवी टेकडी, आणि टेबलाच्या टोकाला डेक्लन नावाचा पन्नाशीचा धिप्पाड गृहस्थ. हा डेक्लन कुणाच्याच हातचं नीट जेवायचा नाही, चमचा फेकून मारायचा. उमाताईंनी एक दिवस तोच चमचा उचलून टेबलावर ठेका धरला आणि आपल्या देवळातला नामाचा गजर म्हटला. डेक्लन थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं ठेका धरला. आता तो रोज, घास घेण्याआधी, सगळ्या टेबलाकडून "विठ्ठल विठ्ठल" म्हणवून घ्यायचा आणि जो म्हणणार नाही त्याच्याकडं चमचा रोखायचा.

"म्हणजे तू तिकडे कीर्तन करतेस," चिंतामणराव म्हणाले होते.

"कीर्तन तो करतो. मी साथीला असते."

हे ऐकून त्यांना कौतुक वाटलं होतं, आणि थोडं काहीतरी टोचलंही होतं. काय टोचलं ते त्यांनी तपासलं नाही. तपासण्यासारख्या गोष्टी ते ऑफिसातच सोडून आले होते.

वर्ष संपत आलं तेव्हा उमाताईंनी सांगितलं, "महिनाभर सुट्टीवर येतेय. इथली मंडळी विचारतायत, आणखी एक वर्ष राहणार का म्हणून. तिकडे असतानाच त्यांना कळवायचंय. आल्यावर बोलू."

चिंतामणरावांनी या चार वाक्यांतलं 'येतेय' तेवढं ऐकलं. आणि बाकीची तीन वाक्यं ऐकावी लागू नयेत म्हणून ते कामाला लागले.

आमच्याकडे जी गोष्ट तोंडानं बोलायची हिंमत होत नाही, ती माणसं फ्लेक्सवर छापतात. भाऊबंदकी मिटल्याचं, पक्ष बदलल्याचं, वजन वाढलेल्या साहेबांवर जिवापाड प्रेम असल्याचं, सगळं चौकातल्या खांबावर. एकदा खांबावर लागलं की ते खरं. मग बायको परत जाणार की राहणार, एवढ्या साध्या प्रश्नाला चर्चा कशाला हवी? चिंतामणराव उल्हासनगरला गेले. तिथे हरेशभाई नावाच्या सिंधी गृहस्थाचं फ्लेक्सचं दुकान होतं.

मजकूर ते घरून पाठ करून गेले होते : 'सौ. उमाताई यांचे परदेशातील सेवाकार्य यशस्वीरीत्या संपन्न करून कायमस्वरूपी स्वगृही आगमन झाल्याबद्दल हार्दिक स्वागत! त्यानिमित्त सुश्राव्य कीर्तन. शुभेच्छुक : श्री. चिंतामणी व समस्त परिवार.' समस्त परिवार म्हणजे ऋता. तिला विचारलं नव्हतं. मांजरांनाही नाही.

"साईं, फोटो किसका बडा रखूं?" हरेशभाईंनी विचारलं. "भाभीजी का?"

"उनका तो रखो ही. लेकिन यजमान मैं हूं ना."

"समझ गया." हरेशभाईंनी पडद्यावर चिंतामणरावांना फुगवलं. नमस्कार करणारे हात एवढे मोठे झाले की उमाताईंचा खांदा त्यांच्यामागं गेला. "और ये 'कायमस्वरूपी' लाल में करूं? दूर से दिखेगा."

"हां हां, लाल."

"भाभीजी को पता है ना, साईं? हमेशा के लिए आ रही हैं?"

"अरे, उसमें पूछने का क्या है?"

हरेशभाईंनी मान डोलावली. सगळ्या उल्हासनगरचे वाढदिवस छापणारा माणूस. त्यानं याहून विचित्र गोष्टी छापल्या होत्या.

तिथून चिंतामणराव बदलापूर गावात, कमळाकरबुवांकडे. बुवा सत्तरी ओलांडलेले, आवाज अजून खणखणीत. पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी पाहुण्यापुढं मूठभर वाल सरकवले. "बोलता बोलता सोला. हात रिकामे कशाला ठेवायचे?"

चिंतामणरावांनी एक वाल सोलायला घेतला. डाळिंबी निसटून तुळशीपाशी गेली.

"बुवा, यजमानांची एक विनंती होती. पूर्वरंगात जरा गृहस्थाश्रम घ्या. म्हणजे सेवेची सुरुवात घरापासून व्हायला पाहिजे, वगैरे."

"कुणाच्या घरापासून?"

"असं... सर्वसाधारण."

"उमाताईंना सांगायचंय का?"

"छे छे! श्रोत्यांना."

"उमाताई श्रोत्यांत असतील?"

"असेल की. पहिल्या रांगेत बसवतो."

बुवांनी एक वाल सोलला, मग आणखी एक. "हे तुम्हीच का नाही सांगत त्यांना?"

"माझं ती ऐकत नाही."

"सांगून बघितलंत?"

चिंतामणराव एकाग्र चित्तानं वाल सोलू लागले.

"बरं," बुवा म्हणाले, "यजमान सांगतील त्या विषयावर कीर्तन. तो आमचा धर्मच आहे. एक अट. पेटीला उमाताई. वर्षभर दुसऱ्याच्या पेटीवर गायलो, घसा नाही पण जीव कोरडा पडला."

पूर्वी बुवांच्या पेटीला उमाताईच असत. चिंतामणरावांनी आनंदानं मान्य केलं. पहिल्या रांगेपेक्षा हे बरं. पेटीवर बसलेल्या माणसाला मधूनच उठून जाता येत नाही.

उमाताई आल्या त्या दिवशी टॅक्सी गेटपाशी थांबली आणि त्या उतरल्याच नाहीत. काच खाली करून त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. चिंतामणराव हार घेऊन उभे होते.

"अहो, फोटो कुठला घेतलात हा? वर्षश्राद्धाला लावल्यासारखी दिसतेय मी."

"चांगला आलाय की!"

"तुमचा चांगला आलाय," उमाताई म्हणाल्या आणि उतरल्या. हार घालून घेतला. 'कायमस्वरूपी'बद्दल चकार शब्द नाही. चिंतामणरावांना वाटलं, चला, पास झालं. वाचूनही आक्षेप नाही म्हणजे मंजूर. ऑफिसात असंच धरत.

पुढले काही दिवस जो भेटेल तो म्हणे, "काकू, कायमच्या आलात ना? बरं झालं! काकांचे फार हाल झाले." सुरुची म्हणाली, लिफ्टमधल्या बाई म्हणाल्या, इस्त्रीवाला म्हणाला. उमाताई सगळ्यांना एकच सांगत, "गेटवर लागलंय ना? मग खरंच असणार." आणि हसत. ते हसू चिंतामणरावांना आवडेना. आक्षेप घेणारा कामगार त्यांना हाताळता येत असे. हसणाऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

रविवारी सकाळी ते उठले तर ओटा थंड. उमाताई गॅलरीत पाय वर घेऊन पुस्तक वाचत बसल्या होत्या.

"बरं नाही का गं?"

"उत्तम आहे. आज माझी सुट्टी."

"सुट्टी? कशाची?"

"कामाची. तिकडे आठवड्यातून दीड दिवस मिळते. मी आपला एकच घेतेय."

"अगं, पण ते काम आहे. हे घर आहे!"

"तेही घरच आहे. एकाच छपराखाली राहतो सगळे." उमाताईंनी पान उलटलं. "तिकडे शुक्रवारी एकेकाला विचारतात, या आठवड्यात तुला काय जड गेलं? पहिल्या शुक्रवारी मला विचारलं तर काय सांगावं ते कळेना. मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. रडू आलं हो मला. डेक्लननं चमचा दिला हातात."

ज्या हातानं चिंतामणरावांनी शेकड्यांनी रजेचे अर्ज परत पाठवले होते, तो हात त्यांनी उगाच खिशात घातला. मग स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. दोन कप. एक गॅलरीत नेऊन ठेवला. उमाताईंनी तो उचलला, प्यायल्या आणि म्हणाल्या, "आलं जास्त झालंय." त्यांना बरं वाटलं. पण तोंड उघडून विचारायचं ते राहिलंच. उत्तर माहीत नसतं तर विचारलंही असतं.

मधल्या दिवसांत उमाताई पेटीच्या सरावाला आणि गप्पांना दोनदा बुवांकडे जाऊन आल्या. कीर्तनाच्या दिवशी मांडव भरला. एवढा महागाचा फ्लेक्स वाया कशाला घालवायचा म्हणून चिंतामणरावांनी तो गेटवरून काढून बुवांच्या पाठीमागं लावून घेतला होता. कमळाकरबुवा उभे राहिले. पांढरं धोतर, उपरणं, कपाळाला बुक्का, हातात झांज. उजव्या हाताला पेटीवर उमाताई, डावीकडे तबल्यावर बुवांचे जुने साथीदार धोंडिबा. आणि या तिघांच्या डोक्यावर लाल अक्षरांत कायमस्वरूपी.

आता कीर्तन कसं असतं ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं ऐकलं नाही त्यानं एकदा तरी जाऊन बसावं. पहिला सूर लागला की मांडवातल्या माणसांचे चेहरे निवळतात. पार्किंगवरून भांडलेले दोघं एकाच तालावर टाळ्या देतात. पूर्वरंगात बुवांनी शब्द दिल्याप्रमाणं गृहस्थाश्रमच घेतला. घर हेच पहिलं देऊळ, तिथल्या माणसाची तहान भागवावी आणि मगच पुढचं पाऊल टाकावं, असं त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की बायकांनी डोळे पुसले. चिंतामणराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि मधूनच उमाताईंकडे बघत होते. त्या खाली बघून वाजवत होत्या.

मध्यंतरात यजमानांनी बुवांच्या गळ्यात हार घातला, सगळ्यांना बुक्का लागला, आणि उत्तररंग सुरू झाला.

"हे आख्यान पोथीत शोधू नका," बुवा म्हणाले, "सापडायचं नाही. आमच्या बदलापूर गावातच घडलं. नसेल घडलं तर घडेल. एक भक्त होता. त्यानं देवाला सांगितलं, तू माझ्या घरी राहा. देव भोळा. आला, आणि नुसतं बसून काय राहायचं म्हणून पाणी भरू लागला. पहाटे नदीवर जावं, कळशी खांद्यावर घ्यावी, रांजण भरावा. आणि भक्त काय करत होता?"

"ओट्यावर बसला होता!" चिंतामणरावांनी पहिल्या रांगेतून सवयीनं सांगितलं.

"शाबास. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, 'देव आमच्याकडे असतो बरं!' देवाला 'तुझा खांदा दुखतो का रे?' हे विचारायचं राहून गेलं. वेळच मिळाला नाही, एवढं सांगायचं होतं लोकांना!"

मांडव हसला. चिंतामणराव सगळ्यात मोठ्यानं हसले.

"एक दिवस नदीपलीकडच्या गावातून बोलावणं आलं. तिथं एक अजाण जीव होता, कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हता. देव म्हणाला, 'जाऊन येतो.' भक्तानं मोठ्या मनानं परवानगी दिली."

पेटी किंचित अडखळली. पाठीमागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. चिंतामणरावांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"तो जीव देवाच्या हातचं पाणी पिऊ लागला. इकडे भक्ताचा रांजण आटला. बिचारा स्वतः नदीवर जाऊ लागला. कळशी भरायला शिकला, पाय घसरून पडायलाही शिकला. पण तहान काही पाण्याची नव्हती, ते त्याला कुठं ठाऊक? सणाला देव चार दिवस भेटायला आला. आता भक्तानं काय करावं? त्यानं गावभर दवंडी पिटली, ऐका हो ऐका, देव आमच्याकडे कायमचा आला हो!"

बुवांनी मागं वळून पाहिलं नाही. ते काम सगळ्या मांडवानं केलं. शे-दीडशे माना एकदम वर झाल्या, लाल अक्षरांवर गेल्या आणि तिथून खाली येऊन पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर थांबल्या.

"देव दारात उभा. कळशी अजून खांद्यावर. राहू का जाऊ? पलीकडच्या गावात त्या अजाण जिवानं त्याचं भांडं पालथं घालून ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाही. आणि इथं गाव जमलंय आरतीचं ताट घेऊन. भक्त समोर." बुवांनी झांज थांबवली. धोंडिबाचा हात तबल्यावर टेकला. उमाताईंनी एकच सूर धरून ठेवला. "सांगा मंडळी. त्यानं देवाला काय म्हणायला हवं होतं?"

"त्यानं—"

माणसाची सवय वाईट. चिंतामणरावांच्या हातात घोषणांचा माईक होता आणि तो चालू होता. ते 'त्यानं' चारही कर्ण्यांतून गेलं, पार्किंगवरून फिरून परत आलं. आता मागं फिरायची सोय नव्हती. सुरुचीनं मोबाइल वर धरला. बुवा वाट बघत होते, रागानं नाही. वाल सोलताना बघत होते तसेच.

तो सूर काही संपेना. चिंतामणरावांनी पेटीकडे पाहिलं. उमाताईंच्या डाव्या हाताचा भाता हळूहळू हलत होता. त्यांचा खांदा जरा पुढं आलेला होता, दुखऱ्या माणसाचा येतो तसा. कधीपासून?

"त्यानं..." चिंतामणराव माईकमध्ये म्हणाले, "कळशी घ्यायला पाहिजे होती. खांद्यावरून. उतरवून."

"मग?"

"बस म्हणायचं. चहा मी टाकतो म्हणायचं. साखर कुठल्या डब्यात आहे ते आता माहीत आहे त्याला."

मांडवात हशा पिकला, पण तो मघासारखा नव्हता.

"आणि राहतोस की जातोस, ते?"

"ते विचारायचं. छापायचं... म्हणजे, दवंडी नाही पिटायची." त्यांनी माईक जरा खाली घेतला. "आणि जातो म्हणाला तर करमत नाही तुझ्याविना, एवढंच सांगायचं. आणि गप्प बसायचं."

सूर थांबला. भात्यावरचा हात सोडून उमाताईंनी पदरानं डोळे टिपले, आणि बुवांनी सांगायच्या आतच गजराची चाल धरली. मांडव उभा राहिला. त्या दिवशी चपला रांगेत होत्या की नाही, कुणी पाहिलं नाही.

आरतीनंतर उमाताई बुवांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "बुवा, मला देव कशाला केलंत? तिकडे मी दिवसातून दहादा चिडते."

"तुम्हाला कुणी केलं?" बुवा म्हणाले. "मी कळशीबद्दल बोलत होतो."

चिंतामणरावांनी वाकून नमस्कार केला तेव्हा बुवांनी त्यांना उठवून मिठी मारली आणि कानात म्हणाले, "वाल सोलायला येत चला अधूनमधून. हात बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहात आलं बेताचं होतं. दोघं गॅलरीत बसले.

"करमत नाही हे मांडवात सांगितलंत," उमाताई म्हणाल्या. "घरात कधी सांगणार होतात?"

"आता सांगतोय ना."

"मग फ्लेक्सवर तेवढंच छापायचं होतं. करमत नाही. दोन शब्द. स्वस्तातही झालं असतं."

चिंतामणराव कपात बघत म्हणाले, "जाणार आहेस?"

उमाताईंनी कप खाली ठेवला. या घरात पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न म्हणून प्रश्न विचारला होता. त्याला घाईचं उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

"जाणार आहे. एक वर्ष. त्याच्या पुढचं नाही. मी निघाल्यापासून डेक्लननं माझा कप पालथा घालून ठेवलाय, तो सुलटा करायला मला गेलंच पाहिजे. आणि अहो, मलाही तिकडे करमतं असं नाही. रविवारी फोन ठेवला की टेकडीकडे बघत बसते. मीही नाही सांगितलं कधी."

चिंतामणरावांना काहीतरी म्हणायचं होतं, पण काल मांडवात कबूल केल्याप्रमाणं ते गप्प बसले. हे सोपं नव्हतं. त्यांचा ओठ दोनदा हलला.

"तुम्ही या ना मध्ये," उमाताई म्हणाल्या. "तीन आठवडे पाहुणे म्हणून राहता येतं. पण तिकडे माणूस पाहुणा असतो तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवसापासून भांडी पुसायची."

"घासायची नाहीत ना?"

"घासायला डेक्लन असतो. त्याच्या हाताखाली काम करावं लागेल. कडक आहे. रजा देत नाही."

"माईक वगैरे असतो का तिकडे?"

"डेक्लनला लागत नाही."

निघायच्या आधी उमाताईंनी माळ्यावरची लहान पेटी काढली. डेक्लनच्या कीर्तनाला आता साथ हवी होती. पेटी गुंडाळायला जाड कापड हवं होतं, आणि घरात पाऊसपाणी सोसेल असं जाड एकच होतं. चिंतामणरावांनी स्वतः कात्री चालवली. छापलेली बाजू आत घातली, वरून सुतळी आवळली.

गेटवर टॅक्सी आली तेव्हा सुरुची धावत आली. "काकू, परत? अहो, पण फ्लेक्सवर तर..."

"छपाईची चूक," चिंतामणराव म्हणाले.

सुरुचीच्या हातात या वेळीही डिंकाची पुडी होती. ती तिनं काकांकडे दिली. "तुमच्यासाठी ठेवा हो. तिकडे थंडीत भांडी पुसायचीत ना तुम्हाला. ग्रुपवर कळलं."

पेटी डिकीत ठेवताना चिंतामणरावांच्या लक्षात आलं, एका कोपऱ्यावर कापड दुमडून छापील बाजू वर आली होती. लाल अक्षरं आत गेली होती, चेहराही आत गेला होता. हरेशभाईंनी फुगवलेले जोडलेले हात तेवढे बाहेर होते. त्यांनी तो कोपरा आत खोचायला बोट घातलं, मग तसाच राहू दिला, आणि डिकी लावली.